जुने गोवे ते हरवळे होडीने जाता येतं का? येतं, पण अर्ध्या वाटेपर्यंतच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून सहा जण येताय, त्यात आई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मुलगा नववीत, आणि तुम्हाला जुने गोवे नदीतून बघायचंय आणि मग तिथूनच होडीत बसून हरवळेच्या धबधब्याला जायचंय, एका एजंटने ‘बोट टू वॉटरफॉल’ असं एका दिवसाचं पॅकेज सांगितलंय आणि निम्मे पैसे आधी मागतोय, तर द्यावेत का.

पैसे देऊ नका. आता सविस्तर सांगतो.

मी ह्या भागात २३ वर्षं पाहुणे फिरवतो, त्याआधी ११ वर्षं स्वतःची छोटी होडी होती, आणि वडील खनिजाच्या बार्जवर खलाशी, त्यामुळे मांडवी नदी आमच्या घरात रोजच्या बोलण्यात असायची, म्हणजे आई भात कधी टाकायचा हेसुद्धा भरती बघून ठरवायची कारण बार्ज कधी धक्क्याला लागणार ते भरतीवर. तर हरवळेपर्यंत होडी जात नाही. कधीच गेली नसणार. धबधब्याखाली जो ओहोळ निघतो त्यात दगडच दगड आहेत, म्हशी बसतात त्यात, होडी कुठली? साखळी गावाची गोष्ट वेगळी. साखळी वाळवंटी नदीवर आहे आणि वाळवंटी पुढे मांडवीच्याच पाण्यात जाते, चोर्ला घाटातून उतरणारा माल साखळी-डिचोलीला यायचा आणि तिथून होड्यांनी खाली पणजीकडे, हे जुनी माणसं अजून सांगतात. पण आता वाळवंटीत गाळ आहे, बंधारे आहेत, मोठी होडी वरपर्यंत नेणं शक्य नाही. म्हणजे एजंट जे विकतोय ते बहुतेक असं असणार की पणजीला तासभर नाचगाण्याची क्रूझ, मग बसने जुने गोवे, मग बसने हरवळे. त्यात वाईट काही नाही, पण मग तसं सांगावं ना माणसाने.

आता तुम्हाला जे हवंय त्याच्या अगदी जवळचं काय आहे ते ऐका. जुने गोवे, तिथून सरकारी फेरीबोटीने दिवाडी बेट, बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी फेरीबोट नार्व्याला, आणि नार्व्याहून गाडीने डिचोली, साखळी, हरवळे. दोन वेळा नदी ओलांडता, पाण्यावर एकूण वेळ फार नाही, पण ही पाहुण्यांसाठी मुद्दाम काढलेली वाट नाही, लोक शाळेला, कामाला, देवाला ह्याच वाटेने जातात. दिवाडीला आजही पूल नाही. फेरीला पायी माणसाला पैसे लागत नाहीत, गाडीचं थोडं भाडं असतं. तुमची गाडी त्याच फेरीवर चढते, आईंना उतरायलाही लागणार नाही, काच खाली करून बसू दे त्यांना.

एक मात्र आधीच सांगतो, महिना निवडताना सगळे इथेच चुकतात. धबधबा पावसाचा आणि होडी उन्हाची. जून ते सप्टेंबर हरवळेला पाणी असं कोसळतं की वरच्या कठड्यावर उभं राहून बोलणं ऐकू येत नाही, पण तेव्हा नदी गढूळ, फुगलेली, खाजगी होड्या बहुतेक बंद. फेरीबोट चालू असते, पण पावसात तिच्यावर उभं राहून बघणार काय, ताडपत्री आणि छत्र्या. आणि जानेवारी ते मे नदी तळ्यासारखी शांत, पक्षी, सगळं छान, तर हरवळेला बारीक धार उरलेली असते आणि पाहुणे माझ्याकडे असे बघतात की जणू मीच नळ बंद केला. दोन्ही जुळतात ते दिवस थोडे, साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. दिवाळीच्या सुट्टीत येणार म्हणताय तर उत्तम जमलंय. त्यातही त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत थांबता आलं तर साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठावर त्या रात्री नौकांचा उत्सव असतो, लोक घरी महिना-महिना खपून सजवलेल्या नौका आणतात आणि दिवे लावून पाण्यात सोडतात, त्रिपुरासुराचा वध. होडीने साखळीला जाता येत नाही म्हणालो ना, त्या रात्री साखळीत होड्याच होड्या असतात. गर्दी प्रचंड, आईंना विठ्ठल मंदिराच्या बाजूला आधी नेऊन बसवा, संध्याकाळी सहालाच.

आता भरती. तारखेनंतर हेच ठरवायचं. कोकणात जुना हिशेब आहे, तिथी गुणिले तीन भागिले चार. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसात दोन भरत्या, साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हा अंदाज नदीच्या मुखाजवळचा, जुन्या गोव्यापर्यंत पाणी वर चढायला अजून अर्धा-पाऊण तास धरा. मोबाईलवर भरतीच्या वेळा मिळतात हल्ली, त्या बघाच, पण हा हिशेब डोक्यात असला की कुठला होडीवाला थाप मारतोय ते लगेच कळतं.

हे एवढं का सांगतोय, तर माझीच फजिती सांगतो. होडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, ११ पाहुणे घेऊन मी दिवाडीच्या मागच्या बाजूला खारफुटीत शिरलो, पक्षी दाखवायला. एका काकांना धीवर पक्ष्याचा फोटो हवा होता, तो पक्षी काही स्थिर बसेना, आणि मी त्यांच्या नादाला लागून पंधरा मिनिटं जास्त थांबलो. उधाणाचे दिवस होते, अमावस्येनंतरची दुसरी-तिसरी तिथी, ओहोटी अशा दिवसांत नुसती उतरत नाही, पळते. वल्हं टाकलं तर चिखलात रुतलं. उतरून ढकलायला गेलो तर मांडीपर्यंत आत, आणि चप्पल अजून तिथेच आहे. मग काय, बसलो. अडीच तास. पहिला अर्धा तास सगळे माझ्यावर चिडले, मग एका बाईंनी डब्यातले तिखटमिठाचे पोहे काढले, आणि मग हळूहळू लोक चिखलाकडे बघायला लागले. चिखल जिवंत असतो हो. निवट्या असतात त्यात, डोळे वर आलेला बोटभर मासा, पाण्याबाहेर पंखांवर सरकतो आणि दुसऱ्या निवटीशी भांडताना पाठीवरचं शीड उभारतो. खेकडे, एकच नांगी मोठी, ती वर-खाली हलवतात जणू कुणाला बोलावतायत. खारफुटीची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली, श्वास घ्यायला. सगळं एवढं बारीक टक-टक आवाज करत असतं. पुढे दोन वर्षांनी त्याच काकांचा फोन, पुन्हा तिथेच अडकवून ठेवाल का म्हणून. पण तुम्ही आईंना घेऊन असं अडकू नका. खाजगी होडी घेणार असाल तर भरतीच्या आधी तासभर निघा, भरती पूर्ण व्हायच्या सुमारास परत फिरा. आणि होडीवर नोंदणीचा नंबर रंगवलेला आहे का बघा, बंदर कप्तान खात्याकडे नोंद असते, आणि लाईफ जॅकेट अंगात घालायला सांगा, बुडाखाली घेऊन बसायला नाही. मुलं आणि काका लोक हमखास बुडाखाली घेतात.

आता जुने गोवे. पणजीहून साधारण १० किलोमीटर, रस्ता रायबंदरच्या बांधावरून जातो. हा बांध म्हणजे पोंत द लिन्यारिस, १६३३-३४ च्या सुमाराला बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांब, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. लोक ह्यावरून ८० च्या स्पीडने जातात आणि पुढे जाऊन जुन्या पोर्तुगीज खुणा कुठे आहेत विचारतात. चाकाखाली होती, गेली.

खरं तर जुने गोवे नदीकडून बघायला हवं कारण ते शहर नदीकडे तोंड करूनच बसलेलं. रस्त्याने गेलात तर तुम्ही मागच्या दाराने आत शिरता. म्हणून मी काय करतो, पाहुण्यांना आधी चर्च दाखवत नाही, थेट खाली धक्क्यावर नेतो, फेरीने दिवाडीला जायचं, आणि त्याच फेरीने लगेच परत यायचं, फुकट तर आहे. परत येताना पुढे उभं राहायचं. समोर नारळाच्या झाडांतून चर्चचे कळस दिसतात, आणि फेरी लागते तिथून सरळ वर रस्ता जातो तो एका कमानीखालून, व्हाइसरॉयची कमान. नवा व्हाइसरॉय आला की बोटीतून ह्याच धक्क्यावर उतरून ह्याच कमानीतून शहरात शिरायचा. १५९९ सालची, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्कु द गामा व्हाइसरॉय असताना उभारली, पणजोबा आल्याला शंभर वर्षं झाली म्हणून. आता जी आहे ती १९५४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा बांधलेली. फेरीची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात धक्क्यावर आपटते, आधी स्कूटर सुटतात, मग पावाच्या सायकलवाला, मग चालणारे, आणि सगळे त्याच कमानीखालून वर. व्हाइसरॉयची वाट आता पाववाल्याची.

आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला शहर घेतलं ते शेवटचं, त्याच वर्षी आधी एकदा घेऊन त्याला सोडावं लागलं होतं. आदिलशहाच्या वाड्याची एवढीच खूण उरलीय, सेंट कायटानच्या चर्चजवळ एक दगडी दारचौकट उभी आहे, खांब आणि वरची तुळई, काळा दगड, लोक तिला टेकून सेल्फी काढतात. ती नीट बघा, नक्षी आपल्या देवळातली आहे, कुठून तरी आणून बसवलेली असणार.

बॉम जेझूची बाझिलिका १५९४ ला सुरू, १६०५ ला पूर्ण, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे. से कॅथेड्रल १५६२ ते १६१९, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो पुन्हा बांधलाच नाही म्हणून एका अंगाने रिकामं दिसतं. माझ्या मताने ह्या दोन्हींपेक्षा टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा जास्त बोलतो, ४६ मीटर उंचीचा, अर्धा कोसळलेला, खाली नुसत्या भिंती आणि जमिनीत थडग्यांच्या फरशा. आईंना तिथे थोडं चढावं लागेल, गाडी जवळ जाते. शहर ओस का पडलं विचारतात सगळे, तर रोगराई. जांभा दगड सच्छिद्र, घाण पाणी झिरपून विहिरीत, वरून लोकसंख्या, साथीमागून साथी. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ ला राजधानीच अधिकृतपणे पणजी झाली. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा, आणि चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले कपडे.

तासाभरात आटपा जुने गोवे. म्हणजे दोन तास म्हणू. ह्याहून जास्त वेळ थांबलात तर नार्वे आणि धबधबा दोन्ही हातचे जातात.

आता परत फेरीवर, ह्यावेळी गाडी घेऊन. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी आणि संध्याकाळी पाच-सहाला रांग असते, मधल्या वेळी नाही. गाडी चढवताना घाई करू नका, फेरीवरचा माणूस हाताने दाखवतो तिकडेच लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. पलीकडे उतरलात की दिवाडी. बेटावर चार-पाच किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडे खाजनाची शेतं. एका ठिकाणी तरी थांबून मानस बघा, बांधातलं लाकडी दार असतं ते, ओहोटीला आपोआप उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने बंद होतं, खारं पाणी आत येत नाही. ना मोटर ना कुलूप. तुमच्या नववीतल्या मुलाला दाखवा, फिजिक्सचा अर्धा धडा तिथेच होतो. मानशीजवळ मासे धरायचा लिलाव होतो गावात, म्हणून तिथे गळ टाकून बसू नका, लोक रागावतात आणि बरोबरच आहे.

पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चवरून चारी बाजूंची नदी दिसते. तिथल्या स्मशानात छोटं चॅपेल आहे, त्याच्या छताला कदंब राजांच्या वेळची दगडी नक्षी. दिवाडीची देवळं १६ व्या शतकात मोडली गेली आणि देव नदीपलीकडे नेले, खांडोळ्याचा महागणपती मूळचा इथला, आणि सप्तकोटेश्वर इथला. बेटाच्या नार्व्याच्या बाजूला कोटीतीर्थाची पुष्करणी आहे, पायऱ्या उतरून तळी, तिथे कधीकधी मी एकटाच जाऊन बसतो, सांगण्यासारखं तिथे काही नाही.

मग दुसरी फेरी, दिवाडीहून नार्व्याला. ही छोटी, रमतगमत जाते. आणि मराठी माणसाने इथे पूर्वेकडे बघावंच. तिकडे जुवे बेट. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटीचं पाणी उतरलेलं बघून संभाजी महाराजांच्या चाळीसेक माणसांनी तिथला किल्ला घेतला. जुन्या गोव्यात घंटा वाजल्या, गोंधळ, सकाळी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर स्वतः फौज घेऊन गेला, मार खाल्ला, जखमी झाला आणि कसाबसा होडीत बसून परत. असं सांगतात की त्याने मग आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीजवळ नेऊन ठेवला, आता तूच वाचव म्हणून. पुढे मोगल फौज घाट उतरली म्हणून संभाजी महाराजांना मागे फिरावं लागलं. आमच्याकडे येणारे पाहुणे पन्हाळा-विशाळगडची पावलं मोजून सांगतात पण ही लढाई ऐकलेलीच नसते, आणि ती कळायला इथे फेरीवर ओहोटीच्या वेळी उभं राहावं लागतं. चिखल केवढा उघडा पडतो, पाणी किती अरुंद होतं, मग कळतं की त्यांनी आधी काय हेरून ठेवलं होतं. माझ्यासारखे फसले नाहीत ते.

नार्व्याच्या धक्क्याहून वर दोन-तीन किलोमीटरवर सप्तकोटेश्वर. कदंबांचं कुलदैवत. मूळ देऊळ मोडल्यावर लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं, तिथून लोकांनी रातोरात काढून नदीपार आणलं अशी कथा आहे. शिवाजी महाराजांनी शके १५९०, म्हणजे १६६८ मध्ये देऊळ बांधायला घेतलं, दारावर शिलालेख आहे, कार्तिक वद्य पंचमीचा. वर पंचमीचा हिशेब मी उगीच नव्हता दिला. आत शिरताना मान वर करून तो वाचा, बहुतेक जण खाली बघत चपला शोधत जातात. नुकतीच दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. देऊळ बांधणीत घुमट आणि दीपमाळ वगैरे आमच्या गोव्याची, लिंग पैलूदार, धारालिंग म्हणतात. गोकुळाष्टमीला इथे नदीत स्नानाची मोठी जत्रा असते.

नार्व्याहून मये, डिचोली, साखळी, हा रस्ता अर्धा-पाऊण तासाचा. मये तलाव वाटेत आहे, वेळ नसेल तर सोडून द्या. डोंगरांवर अधूनमधून लाल पायऱ्या दिसतील त्या खाणींच्या. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केली, वडिलांच्या बार्जची नंतर भंगारात किंमत झाली. तो वेगळा विषय, सुरू केला तर संपणार नाही.

साखळीला सोमवारी आलात तर बाजार. अळसांदे घ्या, चवळीसारखं कडधान्य असतं ते, सोलं घ्या, सुकी मासळी घेणार असाल तर डबल पिशवीत, नाहीतर साताऱ्यापर्यंत गाडीत सगळे तुमच्यावर चिडतील. जेवण साखळीतच करा, हरवळेला खास काही मिळत नाही. सकाळचं भाजी-पाव जुन्या गोव्याच्या बाजूला कुठल्याही छोट्या हॉटेलात, पातळ भाजी मागा, सोबत एक मिरची भजी. पावभाजी म्हणू नका, वेगळं काहीतरी येईल.

साखळी म्हणजे राणे घराण्याचं गाव. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, नाणूसचा किल्ला घेतला, ते ह्याच घराण्यातले. विठ्ठल मंदिर त्यांचंच. नदीकडची बाजू बघा, घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, अंगण उगीच नदीकडे नाही. आधी होड्या लागायच्या तिथे. मी साधारण बारा वर्षांचा असताना, ५ जुलै १९८६ ला, मांडवीवरचा पणजीचा पूल कोसळला आणि नवा होईपर्यंत सगळ्यांना पुन्हा फेरीत बसावं लागलं. आजोबा तेव्हा खूश झालेले. म्हणायचे, आता कळेल ह्यांना गाव कुठे तोंड करून आहे ते.

आता हरवळे. साखळीहून दोन किलोमीटर. आधी लेणी बघा, रस्त्यालगत आहेत, जांभ्यात कोरलेल्या पाच खोल्या, सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासच्या मानतात, आत लिंगं आहेत, लोक पांडवांची लेणी म्हणतात. अभ्यासकांत वाद आहे, काहींच्या मते मुळात बौद्ध. दहा मिनिटं लागतात, आईंना सहज जमेल, सपाट आहे.

धबधब्याला मात्र पायऱ्या आहेत. वरून रुद्रेश्वर देवळाच्या बाजूने दिसतो तो भाग सोपा, तिथपर्यंत आईंना न्या आणि तिथेच कट्ट्यावर बसवा, तिथून दिसतोच. खाली जाणाऱ्या पायऱ्यांवर पावसानंतर महिनाभर शेवाळ असतं, हिरवं नाही, काळपट, म्हणून दिसत नाही आणि पाय टाकला की गेला. रबरी सपाटा घालून येऊ नका. आणि मुलाला पाण्यात उतरू देऊ नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि दहातला एक तरी ऐकत नाही. धबधबा फार उंच नाही, त्यामुळे भीती वाटत नाही, डोह वरून शांत दिसतो, पण पाणी पडतं तिथे खाली खोल आहे आणि आतला प्रवाह माणसाला खडकाकडे ओढतो. इथे माणसं गेलीत, पोहता येणारी. एकदा माझ्याच गाडीतला एक कॉलेजचा मुलगा ‘फक्त पाय बुडवतो’ म्हणून उतरला, पाय घसरला, छातीपर्यंत गेला आणि देवळाकडच्या एका माणसाने लुंगी सोडून टाकली, ती धरून बाहेर आला. तो माणूस लुंगी पिळत मला एवढंच म्हणाला, तुमचं काम दाखवायचं की नाही? दाखवायचं, हो, आणि अडवायचंही. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या पुढे उभा राहतो, मागे नाही.

रुद्रेश्वराकडे लोक अस्थी विसर्जनाला, श्राद्धाला येतात. कुणी विधी करत असेल तर त्या बाजूला रील काढत बसू नका, जरा लांबून जा. महाशिवरात्रीला जत्रा, त्या दिवशी पार्किंग विसरा.

वेळा अशा धरा, सकाळी साडेसातला पणजी सोडा, आठला धक्क्यावर, फेरीची एक जाऊन-येऊन चक्कर, मग जुने गोवे साडेदहापर्यंत, अकराची फेरी दिवाडीला, साडेबाराच्या आसपास नार्वे, देऊळ, दीड-दोनला साखळीत जेवण, तीनला लेणी, साडेतीन-चारला धबधबा. उन्हं कलायला लागली की ऊन पाण्यावर तिरकं येतं, फोटो तेव्हाच. परतीला साखळी-पणजी सरळ रस्ता आहे, ३५ किलोमीटर, फेरीच्या भानगडीत पडू नका, सगळे दमलेले असतात.

आणि नुसतं होडीत बसायची हौस असेल, जी मला वाटतं मुलापेक्षा तुम्हालाच आहे, तर दुसरा दिवस ठेवा त्यासाठी, रायबंदरहून फेरीने चोडण, तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीतून छोट्या होडीने नेतात, भरती बघूनच. कुंभारजुवेच्या खाडीत मगरी दाखवायलाही नेतात, दिसतात खरंच, ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या, फक्त हात होडीच्या आत. चप्पल मात्र पट्ट्याची घाला, माझ्यासारखी चिखलात सोडून यायची नसेल तर.